घरातल्या खोलीला नवे दार : चौकट उभी करण्यापासून कडी लावण्यापर्यंत

बडोद्यातल्या रावपुरा, दांडिया बाजार, वाडी या भागांतल्या जुन्या मराठी घरांमध्ये एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्याची वाट बहुधा उघडीच असे. फार तर एखादा पडदा लावलेला असायचा. आता त्याच घरांत आईवडिलांची खोली वेगळी करायची असते, मुलांच्या अभ्यासासाठी शांत जागा हवी असते किंवा स्वयंपाकघराचा धूर आणि आवाज अडवायचा असतो. गोत्री किंवा वासणा-भायलीकडच्या फ्लॅटमध्येही दिवाणखान्याचा एक भाग भिंत घालून वेगळा केला की दाराचा प्रश्न लगेच उभा राहतो. आमच्या घरात मधल्या खोलीला असे दार आम्ही बसवले. भिंतीचे काम गवंड्याने केले. चौकट ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभ्या रेषेत, आणण्यापासून बिजागऱ्या बसवण्यापर्यंतचे बाकीचे काम एका सोबत्याच्या मदतीने घरीच केले. ज्यांना हे प्रथमच करायचे आहे, किंवा मिस्त्रीकडून करून घेताना आपण नेमके काय तपासावे हे ज्यांना कळत नाही, अशा दोघांसाठीही हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. दार घासते, आपोआप उघडते, वरच्या कोपऱ्यात टेकते आणि खालच्या कोपऱ्यात फट राहते, कडी बसत नाही, अशा तक्रारींपैकी बहुतेकांचे मूळ दारात नसून चौकटीत असते. चौकट तीनही अंगांनी सरळ उभी असेल तर दार टांगणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. ती तिरकी असेल तर उत्तमातले उत्तम सागवानी दारही कधी सुखाने मिटत नाही. म्हणून पुढच्या पायऱ्यांपैकी चौकटीच्या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या आणि मिस्त्री घाई करत असला तरी त्या ठिकाणी थांबा.

१. आधी भिंत ओळखा

भिंत नुसती आडोशाची आहे की वरचा भार पेलणारी आहे, हे कळल्याशिवाय तिच्यावर छिन्नी चालवू नये. कॉलम-बीमच्या इमारतीत खोल्यांमधली साडेचार इंची विटांची भिंत सहसा फक्त आडोसा असते. जुन्या पोळांतल्या (दाट वस्तीच्या गल्ल्यांतल्या) आणि वाड्यांतल्या जाड भिंती मात्र बहुधा भार पेलणाऱ्या असतात. त्यांच्यावर वरच्या मजल्याची लाकडी तुळई टेकलेली असते आणि काही भिंती शेजारच्या घराशी सामाईक असतात. अशा भिंतीत नवी वाट काढायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलावून भिंत दाखवा. हा खर्च टाळण्याजोगा नाही.

फ्लॅट असेल तर सोसायटीला लेखी कळवून संमतीपत्र घ्या. कामाआधी पुढील कागद एका पाकिटात जमवून ठेवले तर नंतर धावपळ होत नाही :

- सोसायटीचे संमतीपत्र (फ्लॅट असल्यास)
- इमारतीचा मूळ नकाशा, ज्यात कॉलम आणि बीम दाखवलेले असतात
- भिंतीतून गेलेल्या विजेच्या आणि पाण्याच्या नळ्यांचे साधे हाताने काढलेले रेखाचित्र
- दाराची मापे लिहिलेला कागद, ज्याची एक प्रत मिस्त्रीकडे द्यावी
- दार आणि कुलूप यांची पक्की बिले, दर्जा व जाडी लिहिलेली, आणि हमीपत्रे

विजेच्या नळ्यांचे रेखाचित्र हा औपचारिकपणा समजू नका. स्विचबोर्डपासून सहसा सरळ वर छताकडे किंवा सरळ आडवी नळी गेलेली असते. बोर्डाच्या आसपास भिंत फोडायची असेल तर मेन स्विच बंद करूनच हात घाला.

२. ‘तीन फुटी दार’ म्हणजे नेमके काय, हे ठरवा

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. गवंडी तीन फूट म्हणतो ते भिंतीतल्या ओपनिंगचे, सुतार म्हणतो ते चौकटीचे बाहेरून बाहेर, आणि दुकानदार म्हणतो ते दाराच्या फळीचे. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात, पण दार मात्र बसत नाही.

एक हिशेब करून पाहू. चौकट बाहेरून बाहेर ३६ इंच आहे आणि तिच्या दोन्ही उभ्या बाह्या अडीच-अडीच इंच जाडीच्या आहेत, असे धरा. दोन बाह्यांमधली मोकळी जागा ३१ इंच राहते. दार ज्यात बसते त्या खाचेची, म्हणजे रिबेटची, खोली दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच असेल तर रिबेटपासून रिबेटपर्यंत ३२ इंच मिळतात. त्यातून दोन्ही बाजूंना साधारण ३ मिलिमीटरची फट वजा केली की फळी पावणेबत्तीस इंचांची लागते. दार काटकोनात उघडल्यावर त्याची स्वतःची जाडीही वाटेत येते, म्हणून प्रत्यक्ष जायला जागा तीस इंचांच्याही थोडी आत उरते. घरात कोणी व्हीलचेअर किंवा वॉकर वापरत असेल, अथवा पुढे वापरावी लागेल असे वाटत असेल, तर ‘तीन फुटी’ चौकट कमी पडते. चौकटच मोठी घ्या.

उंचीचाही हिशेब असाच. चौकट तयार फरशीपासून बाहेरून ८४ इंच असेल, वरची आडवी गणेशपट्टी अडीच इंचांची आणि तिच्यातला रिबेट अर्ध्या इंचाचा असेल, तर रिबेटची उंची ८२ इंच होते. वर ३ मिलिमीटर आणि खाली सुमारे १० मिलिमीटर सोडले की फळी साडेएक्क्याऐंशी इंचांची बसते. बाजारात ८१ इंच उंचीची तयार दारे मिळतात ती या हिशेबाच्या जवळची आहेत. त्यामुळे आधी दाराची तयार मापे पाहून घ्या आणि त्यावरून चौकट करवून घ्या. उलट क्रमाने गेलात तर फळी कापावी लागेल आणि फ्लश दार (दोन्ही बाजूंनी सपाट, प्लायचे दार) फार कापता येत नाही.

‘तयार फरशी’ हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. फरशी नंतर बदलणार असाल, किंवा जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवणार असाल, तर तिची जाडी चिकटवणीसह आताच जमेस धरा. फरशी आधी आणि चौकट नंतर, हा क्रम ठेवता आला तर उत्तमच.

३. दार कोणत्या बाजूला उघडेल

खोलीचे दार खोलीच्या आत, आणि जवळच्या आडव्या भिंतीला टेकेल असे उघडावे. उघडल्यावर स्विचबोर्ड दारामागे जाऊ नये. हे कागदावर सोपे वाटते, पण बोर्ड आधी बसलेला असतो आणि बिजागरीची बाजू शेवटच्या दिवशी ठरते, त्यामुळे अंधारात दारामागे हात घालून दिवा लावायची पाळी येते. पलंग, कपाट आणि पंखा यांच्या जागा जमिनीवर खडूने आखा, दाराच्या टोकाचा अर्धगोल आखा आणि मग ठरवा. न्हाणीघराचे दार आत कोणी पडल्यास अडकू नये म्हणून काही घरांत बाहेर उघडणारे ठेवतात. वयस्कर मंडळी असतील तर मला ते योग्य वाटते.

४. चौकट आणि दार यांचे साहित्य

इथल्या वखारींना लाती म्हणतात. तिथे चौकटीला बारसाख, बिजागरीला मिजागरा आणि वाळवीला उधई म्हणतात. हे तीन शब्द माहीत असले की बोलणे सोपे जाते. आतल्या खोलीसाठी चार बाय अडीच इंचांची किंवा पाच बाय अडीच इंचांची चौकट पुरते. वलसाडी साग सर्वांत निश्चिंत, पण महाग. साल किंवा मरांटीची चौकटही चांगली टिकते, फक्त लाकूड वाळलेले असले पाहिजे. ओले लाकूड वजनाला जड लागते आणि ताज्या कापाला हात लावला तर गार लागते. शक्य असेल तर ओलावा मोजण्याचे यंत्र लावून पाहायला सांगा. १२ टक्क्यांच्या आसपास आकडा आला तर काळजी नाही. बाही जमिनीवर न ठेवता डोळ्यासमोर आडवी धरा आणि तिच्या कडेवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहा. बाक आणि पीळ दोन्ही लगेच दिसतात. बाक थोडा असेल तर चालवून घेता येतो, पीळ असलेली बाही परत करा.

दारासाठी आतल्या खोल्यांना ३० किंवा ३५ मिलिमीटर जाडीचे भरीव फ्लश दार योग्य. त्यावर आयएस २२०२ हा क्रमांक आणि आयएसआय चिन्ह आहे का ते बघा. मधल्या थरांसाठी वापरलेला डिंक महत्त्वाचा : युरिया रेझिनचे दार कोरड्या खोलीत वर्षानुवर्षे टिकते, पण पाणी लागले की त्याचे थर सुटतात, फिनॉल रेझिनचे दार पाण्याला जास्त तोंड देते.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराचे पाणी शहरातल्या कितीतरी वस्त्यांत शिरले. तुमचे घर नदीच्या जवळ आणि तळमजल्यावर असेल तर साहित्य निवडताना ही गोष्ट सर्वांत आधी विचारात घ्या. अशा घरात मी लाकूड आणि प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाची, म्हणजे डब्ल्यूपीसीची चौकट आणि फळी सुचवीन. ती पाण्याने फुगत नाही आणि तिला वाळवी लागत नाही. तिच्यात स्क्रूची पकड लाकडाइतकी नसते, म्हणून बिजागरीचे स्क्रू लांब घ्यावे लागतात. न्हाणीघराला ग्रॅनाइटची चौकट हा बडोद्यात आता रूढ झालेला आणि चांगला उपाय आहे.

चौकटीची जी बाजू भिंतीला लागणार आहे तिला आणि बाह्यांच्या खालच्या टोकांना वाळवीप्रतिबंधक द्रावण लावून, ते वाळल्यावर डांबरी रंगाचे दोन हात द्या. चौकट भिंतीत गेल्यावर तिथे पुन्हा कधीच पोहोचता येत नाही.

५. हाताशी हवी ती हत्यारे आणि सामान

- ओळंबा, निदान दोन फुटांची स्पिरिट लेव्हल, पाण्याची पारदर्शक लेव्हल पाइप, काटकोन तपासायचा गुण्या, टेप, पक्का दोरा
- रंधा, करवत, धार लावलेली पाऊण किंवा एक इंची पटाशी, लाकडी हातोडा
- ड्रिल मशीन; लाकडासाठी ३ मिलिमीटरचे आणि भिंतीसाठी फास्टनरच्या मापाचे पाते
- सागाच्या किंवा प्लायच्या पातळ पाचरी, निदान पंधरा-वीस
- फरशीवाल्यांकडे मिळणारे २ आणि ३ मिलिमीटरचे प्लॅस्टिक स्पेसर
- चार इंची स्टेनलेस स्टीलच्या तीन बिजागऱ्या आणि ३५ मिलिमीटर लांबीचे ८ नंबरचे स्टेनलेस स्क्रू
- चौकटीसाठी पाच इंची फ्रेम फास्टनर, प्रत्येक बाजूला तीन
- सिमेंट, वाळू, प्रायमर, लाकडी पट्ट्या, खिळे

नऊ इंची लेव्हलवर दाराच्या कामात विसंबू नका. सात फुटांच्या बाहीवर ती फारच थोड्या भागाचे सांगते. मोठी लेव्हलही खरी आहे का ते तपासा : भिंतीला लावून बुडबुडा कुठे येतो ते पाहा, मग तीच लेव्हल उलटी फिरवून त्याच जागी लावा. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच ठिकाणी आला पाहिजे.

६. ओपनिंग

हे गवंड्याचे काम आहे. आडोशाच्या भिंतीतही दाराच्या वर लिंटेल, म्हणजे वरच्या विटांचा भार पेलणारी आडवी तुळई, हवेच आणि ते दोन्ही बाजूंना निदान सहा इंच विटांवर टेकले पाहिजे. आधी वर लिंटेलची खाच पाडून ते बसवतात आणि ते पक्के झाल्यावरच खालची भिंत काढतात. हा क्रम गवंड्याशी बोलून ठरवा. भिंत कडांवरून कटरने कापून घ्या, हातोड्याने ठोकून पाडली तर शेजारच्या विटाही सैल होतात. ओपनिंग चौकटीच्या बाहेरच्या मापापेक्षा प्रत्येक बाजूला आणि वर साधारण अर्धा इंच मोठे असावे.

७. चौकट ओळंब्यात आणणे

सगळ्या कामाचा जीव इथे आहे.

चौकट आधी जमिनीवर आडवी ठेवा. आतल्या खोलीच्या चौकटीला हल्ली उंबरठा नसतो, त्यामुळे खालच्या बाजूला दोन्ही बाह्या मोकळ्या राहतात आणि उचलता-ठेवताना आत-बाहेर होतात. वर गणेशपट्टीजवळ जितके अंतर आहे तितकेच अंतर खाली ठेवून तिथे एक आडवी पट्टी खिळ्यांनी ठोका. दोन्ही कर्ण मोजा. ते समान असतील तर चौकट काटकोनात आहे. समान झाले की वरच्या एका कोपऱ्यात तिरपी पट्टी ठोकून ती तशीच बांधून टाका. या दोन्ही पट्ट्या सिमेंट पक्के होईपर्यंत काढायच्या नाहीत. मिस्त्री जायला-यायला अडचण होते म्हणून खालची पट्टी काढू पाहतात, त्यांना काढू देऊ नका.

आता फरशीपासून एक मीटर उंचीची रेघ लेव्हल पाइपने भिंतीच्या दोन्ही बाजूंना आखा. जुन्या घरांत दोन खोल्यांच्या फरशा क्वचितच एका पातळीत असतात. जी बाजू उंच असेल आणि ज्या बाजूला दार उघडणार असेल, तिच्यावरून दाराखालची फट ठरवा. फरशी उताराची असेल तर एका बाहीचे खालचे टोक तेवढे कापा. गणेशपट्टी पातळीतच राहिली पाहिजे, फरशीच्या उताराप्रमाणे ती झुकवायची नाही.

चौकट ओपनिंगमध्ये उभी करा आणि ज्या बाजूला दार उघडणार त्या बाजूच्या तयार प्लास्टरशी तिची कड जुळवा. तसे केले तर दार भिंतीला लागेपर्यंत पूर्ण उघडते. आधी वरच्या दोन कोपऱ्यांजवळ, दोन्ही बाजूंनी समोरासमोर पाचरी द्या. बाहीच्या मध्यावर सुरुवातीलाच जोराने पाचर ठोकली तर बाही आत फुगते आणि ते डोळ्याला दिसत नाही.

बिजागरीच्या बाजूच्या बाहीपासून सुरुवात करा. तिच्या माथ्यावर बाहेर आलेला खिळा ठोकून त्यावर ओळंबा सोडा. ओळंबा हलत राहतो, विशेषतः पंखा चालू असेल किंवा खिडकी उघडी असेल तर. त्याचा गोळा पाण्याच्या बादलीत बुडू द्या, थोड्याच वेळात दोरा स्थिर होतो. मग दोऱ्यापासून बाहीचे अंतर वर, मध्ये आणि खाली मोजा. वर ४० मिलिमीटर असेल तर मध्ये आणि खालीही ४० हवे. पाचरी थोड्या-थोड्या सरकवत ते आणा. एवढ्यावर थांबू नका : ओळंबा बाहीच्या दुसऱ्या अंगालाही, म्हणजे भिंतीच्या पृष्ठभागाच्या बाजूने, लावून पाहा. पहिल्या अंगाने बाही झुकली असेल तर दाराची फट वरून खाली बदलत जाते. दुसऱ्या अंगाने झुकली असेल तर दार आपोआप उघडते किंवा मिटते. दोन्ही अंगे जुळल्यावर दुसरी बाहीही तशीच जुळवा आणि वर, मध्ये, खाली दोन बाह्यांमधले अंतर मोजून घ्या.

तरीही एक दोष शिल्लक राहू शकतो, तो म्हणजे पिळाचा. प्रत्येक बाही जवळजवळ सरळ असली तरी एक किंचित पुढे आणि दुसरी किंचित मागे झुकलेली असेल, तर दाराचा वरचा कोपरा टेकतो आणि खालचा बाहेर राहतो. हे पाहण्याची युक्ती साधी आहे. चौकटीच्या एकाच पृष्ठभागावर चारही कोपऱ्यांना खिळे मारून दोन दोरे एकमेकांना छेदतील असे तिरपे ताणून बांधा. मध्यावर दोन्ही दोरे नुसते स्पर्श करत असतील तर चौकट एका पातळीत आहे. त्यांच्यात फट दिसली, किंवा एक दोरा दुसऱ्याला ढकलत असेल, तर पीळ आहे. मध्यावर ३ मिलिमीटरची फट म्हणजे एखादा कोपरा ६ मिलिमीटर पुढे-मागे आहे, असे समजा आणि ती दुरुस्ती दोन कोपऱ्यांत वाटून द्या. मागचा दोरा कधीकधी पुढच्याला दाबत असतो आणि स्पर्श झाल्यासारखे भासते, म्हणून दोरे खाली-वर बदलूनही एकदा पाहा.

घरातल्या ज्येष्ठांना चौकटीला हळदकुंकू वाहायचे असेल, तोरण बांधायचे असेल, तर ते याच वेळी, सिमेंट कालवण्याआधी करून घ्यावे. सिमेंटमध्ये पाणी पडल्यावर माल तासाभराच्या आत वापरावा लागतो आणि तेवढ्यात पूजा घाईत उरकावी लागणे बरे नाही.

८. चौकट पक्की करणे

उभ्या भिंतीत बसवताना प्रत्येक बाहीला तीन फास्टनर द्या : वरून आणि खालून साधारण एक-एक फुटावर आणि एक मध्ये. भोक विटेत जावे, सांध्यातल्या मसाल्यात नको, आणि फास्टनर भिंतीत निदान दोन इंच शिरला पाहिजे. फास्टनरच्या नेमक्या मागे पाचर असू द्या, नाहीतर आवळताना बाही भिंतीकडे ओढली जाते. भिंत नव्याने बांधली जात असेल तर चौकटीला जोडलेल्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे होल्डफास्ट, काँक्रीटमध्ये रोवतात, तो प्रकार अधिक मजबूत.

आवळल्यावर ओळंबा, कर्ण आणि दोरे पुन्हा तपासा. मग चौकटीच्या आत मध्यावर एक आडवी पट्टी अंतराच्या मापाने कापून अडकवा आणि फटीत एकास चार प्रमाणाचा सिमेंट-वाळूचा मसाला भरा. मसाला दाबून भरताना बाह्या आत ढकलल्या जातात, त्यासाठी ही पट्टी. विस्तारणारा फोम लहान फटी भरायला ठीक आहे, पण चौकटीचा भार त्याच्यावर सोपवू नका. नंतर आठवडाभर त्या भागावर पाणी मारा आणि प्लास्टर चांगले वाळेपर्यंत दार आणूच नका. ओल्या प्लास्टरच्या खोलीत ठेवलेले दार फुगते.

९. दार मापात आणणे

फ्लश दाराच्या कडेवर कुलपाची बाजू कोणती याची खूण असते, कारण आतला भरीव लाकडी ठोकळा तिथेच असतो. ती बाजू उलटी बसली तर कुलूप पोकळीत किंवा कमकुवत भागात जाते.

दार दोन पाचरींवर चौकटीत उभे करा, बाजूंना स्पेसर लावा आणि जिथे जास्त आहे तिथे पेन्सिलीने खूण करा. फट किती ठेवायची हे महिन्यावर ठरते. एप्रिल-मेमध्ये बडोद्याचे ऊन पारा ४० अंशांच्या पुढे नेते तेव्हा लाकूड आखडलेले असते. तेव्हा ३ मिलिमीटर सोडा. जुलै-ऑगस्टमध्ये ते आधीच फुगलेले असते, तेव्हा २ पुरतात. मला विचाराल तर पावसाळ्यात हे काम काढूच नये. दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत चांगले.

फ्लश दार प्रत्येक कडेने थोडेच रंधता येते, कारण कडेची भरीव पट्टी दोन-तीन इंचांचीच असते आणि बिजागरीचे स्क्रू तिच्यातच धरतात. वरच्या आणि खालच्या कडेला रंधा कोपऱ्यांकडून मध्याकडे चालवा. सरळ पार नेला तर टोकाची कपची उडते. कुलपाच्या कडेला किंचित उतार द्या : दार मिटल्यावर जी बाजू रिबेटला टेकते ती २ मिलिमीटर कमी हवी, म्हणजे मिटताना कड चौकटीला घासत नाही.

मग चारही कडांना प्रायमर लावा. वरची आणि खालची कड कोणाला दिसत नाही म्हणून ती कोरी सोडण्याची सर्रास पद्धत आहे, आणि ओल नेमकी तिथूनच शिरते. दार टांगल्यावर खालच्या कडेला ब्रश पोहोचत नाही.

१०. बिजागऱ्या बसवणे आणि दार टांगणे

वरची बिजागरी माथ्यापासून सात इंचांवर, खालची तळापासून दहा इंचांवर आणि तिसरी मध्यावर. बिजागरीचे पाते दाराच्या कडेवर ठेवून धारदार चाकूने त्याभोवती रेघ ओढा. पेन्सिलीच्या जाड रेघेने खाच मोठी होते. पटाशी आधी रेघेवर उभी धरून कड कापा, मग आत जवळजवळ आडवे काप द्या आणि शेवटी पटाशी सपाट धरून चिपा काढा. खाचेची खोली पात्याच्या जाडीइतकीच हवी : बोट फिरवल्यावर पाते आणि लाकूड एका पातळीत लागले पाहिजे.

स्क्रूसाठी ३ मिलिमीटरचे भोक पाडा, स्क्रूला साबण किंवा मेण लावा आणि तो पिळूनच बसवा. हातोड्याने स्क्रू ठोकून शेवटचे दोन आटे पिळण्याची सवय अनेक कारागिरांना आहे. त्याने लाकडाचे तंतू तुटतात आणि वर्षा-दोन वर्षांत दार लोंबते. काम चालू असताना समोर उभे राहून नम्रपणे पण ठामपणे नको म्हणा.

दाराला पाती लावून झाल्यावर दार पाचरींवर योग्य उंचीला उभे करा, सोबत्याला धरायला सांगा आणि चौकटीत प्रत्येक पात्याला आधी एकच स्क्रू लावा. दार हळूच मिटवून पाहा. सगळे ठीक असेल तरच उरलेले स्क्रू भरा. ठीक नसेल तर :

- दार मिटताना स्प्रिंगसारखे परत येते : खाच जास्त खोल झाली आहे, पात्यामागे पातळ पुठ्ठा द्या.
- कुलपाच्या बाजूचा खालचा कोपरा फरशीला लागतो : वरच्या बिजागरीचे स्क्रू घट्ट आहेत का पाहा, असतील तर खालच्या बिजागरीमागे पुठ्ठा द्या, तो कोपरा वर उचलला जातो.
- कुलपाच्या बाजूचा वरचा भाग बाहीला घासतो : वरच्या बिजागरीची खाच किंचित खोल करा.
- दार स्वतःहून फिरते : चौकट झुकलेली आहे, बिजागरी बदलून हे जात नाही.

११. कुलूप, कडी आणि कडेच्या पट्ट्या

हँडल फरशीपासून तीन ते सव्वातीन फुटांवर ठेवा. कुलपाचे भोक दोन्ही बाजूंनी अर्धे-अर्धे पाडले तर पृष्ठभाग फाटत नाही. कुलपाची जीभ जिच्यात शिरते ती चौकटीतली धातूची पट्टी शेवटी बसवा : जिभेच्या टोकाला खडू लावून दार मिटले की तिची नेमकी जागा उमटते. आतली कडी लहान मुलाच्या हाताला लागणार नाही एवढ्या उंचीवर असावी.

चौकट आणि प्लास्टर यांच्या सांध्यावर लाकडी पट्टी लावा. तो सांधा पुट्टीने भरून रंगवला तरी पुन्हा चिरतो, कारण लाकूड आणि सिमेंट वेगवेगळ्या गतीने आखडतात. तोरणाचा हुक या पट्टीत बसवा, गणेशपट्टीच्या रिबेटजवळ नको.

पहिला पावसाळा गेल्यावर सगळे स्क्रू एकदा आवळून घ्या. ऑगस्टमध्ये दार थोडे घासू लागले तर लगेच रंधा मारू नका. बिजागऱ्या तपासा आणि ऑक्टोबरअखेर वाट पाहा. तेव्हाही घासत असेल तर खडू लावून नेमकी जागा शोधा, तेवढीच रंधा आणि उघडी पडलेली कड त्याच दिवशी प्रायमरने बंद करा.